एकेका दुकानापुरती युनियन

अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत ज्या चळवळींनी जोर धरला, त्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कामगार संघटनांची नवी लाट. कोपरखैरण्यात माथाडी कुटुंबांच्या शेजारात राहत असल्यामुळे तिच्याकडे मी त्रयस्थपणे पाहू शकत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये बफेलो शहरातील स्टारबक्सच्या एका दुकानात कर्मचाऱ्यांनी 19 विरुद्ध 8 मतांनी युनियन स्वीकारली. पुढच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील अ‍ॅमेझॉनच्या गोदामात तेच घडले. 2023 हे तर संपांचेच वर्ष ठरले. हॉलिवूडचे लेखक 148 दिवस संपावर होते, आणि डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारून कामगारांनी 2028 पर्यंतच्या करारात मूळ पगारात 25 टक्के वाढ पदरात पाडून घेतली.

तरीही 2024 मध्ये तिथल्या पगारदारांत युनियनचे सभासद दहा टक्क्यांहून कमी होते. 1983 मध्ये हेच प्रमाण 20 टक्के होते. लोकांचा पाठिंबा आटला म्हणावे, तर गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत दहांपैकी सुमारे सात जण युनियनच्या बाजूने बोलतात. माझ्या मते खरी अडचण तिथल्या 1935 च्या कामगार संबंध कायद्याच्या रचनेत आहे. एखाद्या दुकानात किंवा गोदामात आधी किमान 30 टक्के कर्मचाऱ्यांच्या सह्या गोळा करायच्या, मग गुप्त मतदान जिंकायचे, आणि एवढे झाल्यावर मालकाला वाटाघाटीला बसावे लागते खरे, पण करारावर सही करण्याची सक्ती कायदा त्याच्यावर करू शकत नाही. स्टारबक्सची शेकडो दुकाने एकेक करून जिंकली गेली, आणि बफेलोच्या मतदानाला तीन वर्षे उलटली तरी करार झालेला नव्हता. मधल्या काळात सह्या करणारी तरुण मुले नोकरी सोडून जातात, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आमच्याकडे अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला, तो या अडचणीच्या मुळालाच हात घालतो. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये ट्रक लागला की टोळी गोणी उतरवते. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मालक रोज बदलणारा, म्हणून कायद्याने मालकांना मजुरी माथाडी मंडळात, म्हणजे बोर्डात, भरायला लावली आणि वर लेव्ही, म्हणजे कामगारांच्या लाभांसाठी मजुरीवरची जादा आकारणी, घेतली. पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सारे बोर्ड पाहते. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे लोक या व्यवस्थेला बदनाम करतात, त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण म्हणून व्यवस्था मोडीत काढणे मला मान्य नाही.

अमेरिकेत याच्या थोडे जवळ जाणारे पाऊल कॅलिफोर्नियाने टाकले आहे. एप्रिल 2024 पासून तिथे देशभरात साठ किंवा अधिक दुकाने असलेल्या फास्ट-फूड साखळ्यांत ताशी किमान 20 डॉलर द्यावे लागतात आणि पुढील वाढ ठरवण्यासाठी मालक व कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेली परिषद नेमली आहे. मजुरीचा दर एकेका दुकानापुरता न ठरता संपूर्ण धंद्याला लागू होतो, हे मला मतपेटीतल्या कोणत्याही विजयापेक्षा मोठे वाटते. मात्र मजुरी एका ठिकाणी जमा करून घेणारे बोर्ड तिथे नाही. थकलेल्या पैशांसाठी कामगाराला आपापल्या मालकाविरुद्धच दाद मागावी लागते.