जुव्याची बांय आणि होनोलुलूचं पाणी

गोव्यात माशेलला मावशीकडे आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जुव्याला जायचं, हा माझा नेम. कारण फार उदात्त नाही. भेंडी. जुव्याची भेंडी लांबसडक, सात शिरांची, आणि पणजीच्या बाजारात तिचा रुबाब वेगळाच. कागदोपत्री हे बेट सांत इस्तेव्ह, लोकांच्या तोंडी जुवें, आणि कौतुकानं ‘शाकेचो जुंवो’, म्हणजे भाजीचं बेट.

पूल ओलांडताना आपण बेटावर चाललोय हे कळतही नाही. कळतं ते बांधावर उभं राहिल्यावर. एका हाताला मांडवीचं खारं पाणी आणि खारफुटी, दुसऱ्या हाताला शेत, आणि शेत नदीपेक्षा खाली! भरतीच्या वेळी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला होता. मधे उभा आहे तो चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा बांध. बस्स.

भाई बांधावरच भेटले. मावशीच्या ओळखीचे, पंच्याहत्तरीचे, उभी हयात तारवटी म्हणून बोटीवर काढलेले. मला बघून म्हणाले, “आयलें? भेंडी मागीर. आदीं मानस पळय.” म्हणजे भेंडी नंतर, आधी मानस बघ.

मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. याचं मला दर वेळी नवल वाटतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं ते आपोआप उघडतं, भरती आली की बाहेरच्या रेट्यानं मिटतं. मोटार नाही, वीज नाही. या जमिनीला खाजन म्हणतात. पूर्वी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची सामाईक संस्था, बांधांची राखण करायची. पुढे कुळांच्या संघटनांकडे ते काम गेलं आणि बरेच बांध कुणाचेच राहिले नाहीत. बांध फुटतो तो मोठ्या लाटेनं नव्हे, खेकड्याच्या बिळानं. भाईंचं सकाळचं फिरणं म्हणजे बिळं शोधणं. दिसलं की चिखलाचा गोळा मारायचा.

आणि बांधाआड नुसता भात नाही, विहिरी आहेत. विहिरीला इथे बांय म्हणतात. बेटावरचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. साधारण हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडंच. उलटा हिशेब जास्त भीतीदायक: वरचं जरासं उपसलं की खालून खारं पाणी झपाझप वर चढतं. भाईंना हे आकडे सांगितले तर हसले. एप्रिलात बांय किती कळशांनंतर ‘खारशी लागता’ हे त्यांच्या घरातल्या बायकांना जिभेवर ठाऊक.

किल्ल्याच्या टेकडीवर चढलो. वर आता ख्रिस्ताचा पुतळा आहे, वारा छान लागतो. मराठी माणसाला या टेकडीवर 1683 आठवल्याशिवाय राहत नाही. त्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या लोकांनी रात्री हा किल्ला घेतला. तो परत मिळवायला आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय जखमी होऊन पळाला. त्याच्या पाठलागात महाराजांनी घोडा पाण्यात घातला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. खाली पसरलेली खाडी बघताना मात्र मला वाटलं, इथल्या लढाईत तिसरा पक्ष पाणी होता, आणि त्याची बाजू शाळेत कुणी सांगितली नाही.

सावलीत बसल्यावर मी भाईंना म्हटलं, गेले दोन आठवडे डोक्यात हवाईतलं एक प्रकरण घोळतंय.

“होनोलुलू? दोनदां गेल्लों!”

मग मी सांगत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 ते 1943 मध्ये, अमेरिकन नौदलानं ओआहू बेटावर रेड हिल नावाच्या डोंगराच्या पोटात इंधनाच्या 20 टाक्या बांधल्या. एकेक टाकी 20 मजली इमारतीएवढी. आणि त्यांच्या खाली फक्त 30 मीटरवर होनोलुलूला पाणी पुरवणारा भूजलसाठा. तोही तसाच, खाऱ्यावर तरंगणारा. 2014 साली एका टाकीतून 27,000 गॅलन इंधन गळलं. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य अभियंता अर्नेस्ट लाउ धोक्याचा इशारा देत राहिले. नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा गळती झाली आणि इंधन थेट नौदलाच्या विहिरीत उतरलं. त्या नळांवर सुमारे 93,000 माणसं होती, त्यांतली बरीच सैनिकांचीच कुटुंबं. लोकांना आधी कळलं ते नाकाला. नळ सोडला की पेट्रोलपंपासारखा वास. शहराच्या मंडळानं आपली जवळची हालावा विहीर बंद केली, कारण उपसा चालू ठेवला तर इंधन जमिनीखालून आपल्याकडे ओढलं जाईल.

भाईंनी मान हलवली. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

मूळ हवाई रहिवासी, पर्यावरणवाले, आयाबाया रस्त्यावर आल्या. त्यांची घोषणा होती ‘ओला इ का वाइ’, पाणी म्हणजे जीवन. आपल्याकडे ‘जीवन’ हा पाण्याचाच शब्द, पण त्यांची भाषा आणखी एक पाऊल पुढे गेलेली: ‘वाइ’ म्हणजे गोडं पाणी आणि ‘वाइवाइ’ म्हणजे संपत्ती. मार्च 2022 मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी टाक्या कायमच्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. रिकाम्या करायला पुढची दोन वर्षं गेली. जपानच्या ओकिनावात तर अमेरिकन तळांजवळच्या पाण्यात आग विझवायच्या फेसातली रसायनं सापडली. 2016 पासून तिथली माणसं त्यासाठी भांडतायत.

देशाला आरमार नको असं मी म्हणत नाही. पण रेड हिलच्या टाक्या कित्येक वर्षं लष्करी गुपित होत्या. बांधाचं बरं आहे, तो उघड्यावर असतो. खेकड्याचं बीळ भाईंनाही दिसतं आणि गुरं चारणाऱ्या पोरालाही. डोंगराच्या पोटातलं बीळ कुणी बघायचं?

भाईंना अंजदीव आठवलं. गोव्याचंच बेट, पण आहे कारवारसमोर. वास्को द गामा 1498 मध्ये तिथे गोड्या पाण्यासाठी थांबला होता. आता ते आपल्या नौदलाकडे आहे, कुणालाही सहज जाता येत नाही. “थंयची बांय कशी आसा कोण जाणा,” एवढंच म्हणाले आणि उठले.

घरी वयनींनी कळशी भरून आणली. मी तहानेनं तांब्या उचलला तर भाईंनी हात धरला. बोटीवर प्रत्येक बंदरात पाणी भरताना त्यांची हीच रीत होती म्हणे. “आदीं चूळ भर. मागीर पी.”

मी अंगणात जाऊन चूळ भरली. किंचित, अगदी किंचित खारट लागलं. वयनींकडे पाहिलं. त्यांना आधीच ठाऊक होतं.

“पंदरा दीस आनीक,” त्या म्हणाल्या, आणि भेंडीची जुडी माझ्या पिशवीत टाकली.