मेकफाइलमधून मी एक शब्द काढला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्ट्यांचं तापमान नोंदवणारा सी भाषेतला प्रोग्राम माझा आहे. सगळ्या कंट्रोलरचे नेटवर्कवरचे पत्ते त्यांच्या नावांवरून तो गेटअ‍ॅड्रइन्फो_ए वापरून एकदम शोधतो, म्हणजे एकाचं उत्तर उशिरा आलं तरी बाकीचे खोळंबत नाहीत. हे फंक्शन लिबएएनएल या वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात, असायचं.

गेल्या पावसाळ्यात घरच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स घातलं आणि मेकफाइलमधून, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा ते लिहिलेल्या फाइलमधून, लिबएएनएलचं नाव काढून बघितलं. बिनतक्रार चाललं! ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररी-संचाच्या २.३४ आवृत्तीपासून लिबपीथ्रेड, लिबडीएल, लिबयूटिल आणि लिबएएनएल या लायब्ररी मुख्य सी लायब्ररीतच (लिबसी) घेतल्यात.

दुसऱ्या दिवशी बायनरी, म्हणजे बांधून तयार झालेली चालवायची फाइल, पेनड्राइव्हवर घेऊन फाउंड्रीत गेलो. तिथला पीसी उबुंटू २०.०४ चा, म्हणजे ग्लिबसी २.३१. स्क्रीनवर एकच ओळ: ‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’. शिफ्टवरचे मामा मागे येऊन उभारले. ‘काल चालत होतं की रे, आज काय केलास?’

मला वाटलं, गेटअ‍ॅड्रइन्फो_एमुळेच. म्हणून लॅपटॉपवर नुसता रिकामा मेन, म्हणजे काहीच न करणारा प्रोग्राम, लिहून नेला, तोही अडला. बायनरीच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या ऑब्जडम्पमध्ये दिसलं की प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या लिबसी_स्टार्ट_मेन या फंक्शनवरच २.३४ चा शिक्का आहे. नव्या मशीनवर बांधलेलं जुन्यावर चालणारच नव्हतं.

मग फाउंड्रीतल्या पीसीवरच जीसीसी हा कंपायलर चालवला. आता ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे फंक्शन सापडत नाही. काढलेली लायब्ररी परत घातली, तरी तेच! तासभर गेला. मी ती ऑब्जेक्ट फाइलच्या, म्हणजे माझ्या कंपाइल झालेल्या कोडच्या, आधी लिहिली होती. हे तुकडे जोडणारा लिंकर ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचत येतो, आणि तोवर जिची गरज पडली नाही ती लायब्ररी उबुंटूत सोडून दिली जाते. ओळीच्या शेवटी नेली आणि बिल्ड झालं.

एवढं होऊनही ग्लिबसीतला हा बदल मला मनापासून पटलाय. पूर्वी लिबसी आणि लिबपीथ्रेड एकाच आवृत्तीच्या लागायच्या. अपडेट चालू असताना एक नवी, एक जुनी अशी वेळ आली तर त्या क्षणी सुरू होणारा प्रोग्राम कोसळू शकायचा. शिवाय जुन्या मेकफाइली मोडू नयेत म्हणून त्याच नावांच्या रिकाम्या फाइली नव्या ग्लिबसीत मुद्दाम ठेवल्यात. म्हणजे मी तो शब्द काढायची गरजच नव्हती.

आता बिल्ड २०.०४ च्या कंटेनरमध्येच, म्हणजे ते जुनं उबुंटू आत असलेल्या वेगळ्या कप्प्यात, करतो आणि तीच बायनरी दोन्हीकडे चालते. त्या दिवशी सव्वापाचला पहिला आकडा स्क्रीनवर आला, तेव्हा मामांनी तो वहीतल्या आकड्याशी ताडून बघितला आणि मगच घरी गेले.