आमूनच्या देवळात चार सम्राट

इजिप्तमधल्या लक्सरच्या देवळात आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा संध्याकाळी, दिवे लागल्यावर, सगळे जातात तसेच. दाराशी फारो, म्हणजे इजिप्तचा राजा, रामसेस दुसरा याचे बसलेले अजस्र पुतळे, शेजारी एकटाच उरलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच, निमुळता दगडी स्तंभ (त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे), आत खांबांची लांबलचक दुहेरी रांग. मावशी सगळा वेळ मान वर करूनच चालत होती. पण रोमन सम्राटांच्या चित्रांच्या ज्या एका खोलीसाठी मी हा दौरा आखला होता, तिथे त्या पिवळ्या उजेडात सगळेच रंग पिवळे दिसत होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्या उघडल्या आम्ही पुन्हा हजर.

मावशी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मुलांना घेऊन अजिंठ्याला किती वेळा गेली असेल, याची गणतीच नाही. मी तिला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. भिंतीवरचा रंग कसा बघायचा हे मला तिनेच शिकवलंय.

देवळाची मांडणी आपल्याला परकी वाटत नाही. आधी मोठं प्रांगण, मग खांबांचा मंडप, मग एकीतून दुसरीत उघडणाऱ्या, लहान होत जाणाऱ्या खोल्या आणि शेवटी गाभारा. सुमारे ३४०० वर्षांपूर्वी अमेनहोतेप तिसरा या राजाने हे बांधलं. ओपेतच्या वार्षिक उत्सवात जवळच्या कर्नाकच्या देवळातून आमून देव नावेत बसून इथे यायचा आणि ती नाव पुजाऱ्यांच्या खांद्यावर असायची. भिंतीवर ती मिरवणूक कोरलेली आहे. "पालखीच की ही," मावशी म्हणाली. या उत्सवात देवाच्या सान्निध्यात राजाचं राजेपण नवं व्हायचं, हे लक्षात ठेवायला हवं. पुढे जे घडलं ते याच जागी का घडलं असावं, याचा धागा मला तिथेच दिसतो.

इ. स. २९७-९८ मध्ये इजिप्तमध्ये रोमविरुद्ध मोठं बंड झालं. सम्राट डायोक्लेशियनला अलेक्झांड्रिया वेढा घालून जिंकावी लागली. त्यानंतर थोड्याच काळात, इ. स. ३०० च्या आसपास, या देवळाभोवती तटबंदी घालून रोमन सैन्याची छावणी बसवली गेली. लॅटिनमध्ये छावणी म्हणजे 'कास्त्रुम'. अरबीतल्या 'कस्र'चं मूळ त्यात सांगतात, आणि त्याचं अनेकवचन 'अल-उक्सुर' म्हणजे आपलं लक्सर. गावाच्या नावातच ती छावणी अजून आहे. बाहेरच्या बाजूला तटाचे अवशेष आणि लॅटिन अक्षरं कोरलेले चौथरे दिसतात. बहुतेक लोक तिकडे वळतही नाहीत, तुम्ही जरूर वळा.

मंडपाच्या मागे आठ खांबांची एक खोली होती. रोमनांनी ते खांब काढून टाकले. गाभाऱ्याकडे जाणारं दार बुजवून तिथे अर्धगोल कोनाडा केला आणि दोन्ही बाजूंना कोरिंथियन धाटणीचे, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले, ग्रॅनाइटचे खांब उभे केले. भिंतींवरच्या कोरीवकामावर गिलावा चढवला आणि त्यावर चित्रं रंगवली. छावणीचं हे देवघर झालं, आणि त्यातले देव होते सम्राट.

सकाळच्या उजेडात ते चौघे दिसले. त्या वेळी साम्राज्याचा कारभार चौघांत वाटलेला होता: डायोक्लेशियन, मॅक्सिमियन, गॅलेरियस आणि कॉन्स्टँटियस. जांभळी वस्त्रं, डोक्यामागे प्रभावळ, आणि वर पंख पसरलेला गरुड, रोमनांचा मुख्य देव ज्युपिटर याचा पक्षी. डायोक्लेशियन स्वतःला ज्युपिटरच्या कुळातलाच म्हणवायचा. चौघांपैकी एक आकृती मात्र खरवडून पुसलेली आहे. तो मॅक्सिमियन असावा, असं अभ्यासक मानतात. ३१० मध्ये कॉन्स्टँटियसचा मुलगा सम्राट कॉन्स्टंटाइन याच्याविरुद्धचा त्याचा डाव फसला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्यानंतर त्याच्या प्रतिमा आणि नावं ठिकठिकाणी पुसण्यात आली. लक्सरसारख्या दूरच्या छावणीतही कोणीतरी शिडी लावून चढलं आणि एका माणसाला भिंतीवरून काढून टाकलं. त्या रिकाम्या जागेसमोर मी बराच वेळ उभी होते.

प्रभावळींमुळे या चौघांना पूर्वी ख्रिस्ती संत समजत आणि खोलीला चर्च म्हणत. हे सम्राटपूजेचं दालन आहे, हे इटालियन विद्वान उगो मोन्नेरेत दे व्हिलार यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं. आमच्याबरोबरचा वाटाड्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन चर्चचा, ख्रिस्ती होता. कोनाड्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "मॅडम, आमच्या चर्चच्या पंचांगात यंदा १७४० साल चालू आहे. ते ह्याच्यापासून मोजतात." कॉप्टिक कालगणना खरोखरच २८४ पासून, म्हणजे डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून, सुरू होते आणि तिला हुतात्म्यांचा शक म्हणतात, कारण ३०३ पासून त्याने ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला. ज्याने छळलं त्याच्याच नावापासून वर्षं मोजायची! आमचा वाटाडा हे अगदी शांतपणे सांगत होता, घरातल्या जुन्या दुःखाबद्दल बोलावं तसं.

मावशीचं लक्ष एव्हाना भलतीकडे गेलं होतं. "हा काठ बघ," ती म्हणाली. जिथे गिलावा तुटलाय तिथे त्याची जाडी दिसते आणि त्याच्या खालून अमेनहोतेपच्या काळची कोरलेली आकृती अर्धीमुर्धी बाहेर येते. एका भिंतीवर, वीतभर जागेत, सोळा-सतरा शतकांचं अंतर. अजिंठ्याला गिलावा मातीचा, तूस आणि गवत घातलेला, इथे चुन्याचा. मावशी एक डोळा बारीक करून कितीतरी वेळ त्या काठाकडे बघत राहिली.

पूर्वेकडच्या भिंतीवर घोडे आणि सैनिक आहेत. म्हणजे त्यांचे तुकडे आहेत. कधीकाळी सगळ्या भिंतीभर ही मिरवणूक होती: ढाली घेतलेले शिपाई, घोडे धरून चाललेले लोक, भरजरी अंगरख्यांतले अधिकारी, सगळे सम्राटांकडे निघालेले. हे आपल्याला कळतं ते इंग्रज इजिप्त-अभ्यासक जॉन गार्डनर विल्किन्सन यांच्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी इथे बसून जलरंगात नकला केल्या, त्या आज ऑक्सफर्डमध्ये आहेत. नंतर बराचसा गिलावा गेला. खालचं 'खरं' इजिप्त बघायची घाई असलेल्यांनी तो काढून टाकला. मला याचा फार राग येतो. फारोंची कोरीव चित्रं लक्सरमध्ये मैलोन्‌मैल आहेत. रोमन सम्राटपूजेची अशी रंगवलेली खोली जगात दुसरी कुठे बघायला मिळणार होती?

नकलांचं महत्त्व आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. अजिंठ्याच्या चित्रांच्या ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा वर्षानुवर्षं खपून केल्या, त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. १९२० ते २२ मध्ये निजामाच्या राज्याने इटलीहून जुनी चित्रं दुरुस्त करणारे लोरेन्झो चेक्कोनी यांना आणून अजिंठ्याच्या चित्रांवर काम करवलं. त्यांनी लावलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं-काळपट पडलं आणि चित्रं झाकोळली. लक्सरलाही इटालियनच आले: लुइजी दे चेझारिस आणि आल्बेर्तो सुकातो. अमेरिकन रिसर्च सेंटर इन इजिप्त या संस्थेच्या प्रकल्पात, २००५ नंतरच्या काही वर्षांत, त्यांच्या पथकाने काजळी आणि मळाचे थर उतरवले, सुटत चाललेला गिलावा पक्का केला. मधल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जुनी चित्रं जपण्याच्या या विद्येने किती संयम शिकला, हे त्या भिंतीवर दिसतं. नाहीसं झालेलं त्यांनी नव्याने रंगवून भरलेलं नाही. रिकामं ते रिकामंच ठेवलंय.

पलीकडच्या खोलीत अलेक्झांडरच्या नावाने बांधलेलं आमूनच्या नावेचं देवघर आहे. त्यात अलेक्झांडर पक्का फारो होऊन आमूनला नैवेद्य देतोय. ते मी भराभर बघून परत आले, कारण मावशी जागची हलली नव्हती. तिने पिशवीतून वही काढली होती आणि घोड्यांच्या पायांची रेखाटनं चालवली होती. खुरापाशी रेष तुटते, तिथे तिनेही तोडली.

दाराशी बसलेला पहारेकरी उठून आला. मला वाटलं, आता चित्र काढायला मनाई करणार. तो तिच्या खांद्यावरून वहीत डोकावला, मग भिंतीकडे गेला आणि दोरीच्या अलीकडूनच हात लांब करून खाली, अगदी जमिनीलगत, बोट दाखवलं. तिथे तांबड्या रेषेचा एक बोटभर तुकडा होता. आम्हा दोघींनाही तो तासाभरात दिसला नव्हता. मावशीने पान उलटलं आणि जमिनीवर बसून तेवढीच रेष काढायला घेतली.