पहाटेचा आंबटपणा

सांगोल्याकडच्या तात्यांनी तेल्या रोगाला कंटाळून डाळिंब काढलं आणि ड्रॅगन फ्रूट लावलं. फेब्रुवारीत मी बी.एस्सी.ची मुलं घेऊन त्यांच्या शेतावर मुक्कामाला गेले.

संध्याकाळी खोडाच्या चकत्या वाटून रस गाळला. त्यात फिनॉल्फथॅलीन घालून सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचं विरळ द्रावण थेंबाथेंबानं सोडलं. रसातलं आम्ल संपलं की फिनॉल्फथॅलीन गुलाबी होतं. लगेच गुलाबी रंग आला. आम्ल जेमतेमच होतं. पहाटे, उजाडायच्या आत, त्याच वेलींच्या तेवढ्याच वजनाच्या चकत्या घेतल्या. आता थेंब पडत राहिले, पण रंग येईना. सिरिंज रिकामी झाली, पुन्हा भरली. "मॅडम, द्रावण बिघडलं का?" एका मुलीनं विचारलं. साध्या पाण्यात टाकून पाहिलं, तर पहिल्याच थेंबाला गुलाबी! रसाला मात्र कितीतरी वेळानं रंग चढला.

तात्या वाकून बघत होते. "एका रात्रीत एवढं आंबट कशानं झालं?"

बहुतेक झाडं पानांवरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, दिवसा उघडतात. छिद्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरतं, त्यामागून पाणी. पेशी फुगून बाक घेतात आणि मधे फट पडते. तिथून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण वाफही तिथूनच जाते. मुळांनी ओढलेलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असं उडतं. माती सुकली की ॲब्सिसिक आम्ल या झाडातल्या संप्रेरकामुळे रंध्रं मिटतात. पाणी वाचतं, झाड उपाशी राहतं. ड्रॅगन फ्रूट हा वेलीसारखा चढणारा निवडुंग. त्यानं वेळच बदलली. रात्रीच्या गारव्यात हिरव्या खोडावरची रंध्रं उघडायची, कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा दारं लावून त्याच आम्लातल्या कार्बनची उन्हावर साखर करायची.

हे पहिल्यांदा नीट टिपलं गेलं ते आपल्याच देशात, याचं मला फार अप्रूप आहे. इथे काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पानफुटीची पानं चावून पाहिली: सकाळी आंबट, दुपारी बेचव. त्यांचं ते पत्र १८१५ साली छापलं गेलं.

तात्यांचा पुढचा प्रश्न मुलांपैकी कुणालाच सुचला नव्हता. "मे महिन्यात रात्रीपण उकडतं. तवा हे खातं काय?"

कमीच खातं. दिवसा तिशीच्या आणि रात्री विशीच्या आसपास तापमान असलं की या वेलीला मानवतं. रात्र तापली की साठा घटतो, आणि दिवसाचं कडक ऊन खोड पिवळं पाडतं. म्हणून शेडनेटचं बोलणं निघालं. तात्यांनी पूर्वेकडच्या दोन ओळींवर नेट टाकून बघायचं ठरवलं आणि मुलांना मे महिन्यातल्या पहाटेचं आमंत्रण दिलं.