बेथोवन सोडून सिमरॉक का?

"विषय बेथोवनचा असतो आणि तुम्ही दर वेळी त्याच्या प्रकाशकावर, त्या सिमरॉकवरच कशा काय येता?" आमच्या ऐकण्याच्या बैठकीत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता विचारणाऱ्याने तोंड उघडायच्या आतच मला तो कळतो. एका काकांनी तर सरळच सांगितलं, "बाई, जेवण चांगलं झालं की झालं, वाढपी कोण होता हे कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून, आणि पुन्हा विचारू नये म्हणूनही, हे लिहितेय.

पहिलं कारण अगदी क्षुल्लक आहे. मी पोटासाठी प्रूफं तपासते. १८०३ मध्ये झुरिकच्या नेगेली या प्रकाशकाने बेथोवनच्या ओपस ३१ (म्हणजे रचना क्रमांक ३१) मधले दोन पियानो सोनाटा छापले, ते चुकांनी बुजबुजलेले. वर पहिल्या सोनाटात चार बार (म्हणजे तालाचे खंड) स्वतःच्या पदरचे घातले. बेथोवनचा शिष्य फर्डिनांड रीस ती प्रत वाजवत होता. ती जागा आली तसा बेथोवन उसळून उठला आणि त्याने रीसला पियानोवरून जवळजवळ ढकललंच. मग चुकांची यादी बॉनला सिमरॉककडे गेली. त्याने नव्याने छापावं आणि वर 'अत्यंत शुद्ध आवृत्ती' असं फ्रेंचमध्ये ठळक लिहावं, असं ठरलं. सिमरॉकने लिहिलं. फक्त त्यातल्या 'एडिसिओं' या शब्दात शेवटच्या 'एन'च्या जागी 'यू' पडला. शुद्ध आवृत्तीच्या पहिल्याच पानावर मुद्रणदोष! ते वाचलं आणि मी त्या माणसाच्या प्रेमातच पडले. ज्यांनी कोऱ्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून कपाळावर हात मारून घेतलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि तेव्हाचं काम म्हणजे छापखान्यातले अक्षरांचे सुटे खिळे बदलून भागणारं नव्हतं. कथिल-शिशाच्या पत्र्यावर पाच रेघा ओढायच्या, मग एकेका स्वराचं डोकं पोलादी ठशाने ठोकायचं, सगळं उलटं, आरशात दिसतं तसं. चूक निघाली की पत्रा पालथा घालून मागून हातोडीने ती जागा वर आणायची, सपाट करायची, पुन्हा ठसा मारायचा. बेथोवनसारख्या माणसाची दुरुस्ती आली की कारागिराच्या पोटात गोळाच येत असणार.

सिमरॉकचं बाकी चरित्र तुम्हाला माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय. १७५१ मध्ये माइन्त्समध्ये जन्म, बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात हॉर्न वाजवणारा, त्याच वृंदात पोरसवदा बेथोवन व्हायोला वाजवायचा. जोडीला स्वरलिपीच्या प्रती विकण्याचा धंदा, १७९३ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था. पुढच्याच वर्षी फ्रेंच फौजा आल्या, तिथला शासक, इलेक्टर, पळाला, वृंद संपला आणि जोडधंद्यावरच घर चालवायची वेळ आली.

आता मिसा सोलेम्निस. तुम्ही ज्याला 'बेथोवनची थोरवी' म्हणता, त्याच रचनेवरून मी भांडते.

बेथोवनचा शिष्य आणि आश्रयदाता आर्चड्यूक रुडॉल्फ ओल्म्युत्सचा आर्चबिशप होणार होता. मार्च १८२०च्या त्या समारंभासाठी बेथोवनने ही प्रार्थना-रचना, म्हणजे 'मास', लिहायला घेतली. समारंभ होऊन गेला, रचना अपुरीच. त्याच वर्षी त्याने ती सिमरॉकला देऊ केली. घासाघीस होऊन १०० लुई दोर या सोन्याच्या नाण्यांवर सौदा ठरला. ते नाणं नक्की केवढ्याचं धरायचं यावरूनही कुरबुर झालीच. तरी सिमरॉकने पैसे फ्रँकफुर्टच्या फ्रान्त्स ब्रेंटानोकडे नेऊन ठेवले, म्हणजे हस्तलिखित आलं की तिकडून रक्कम सुटेल. तेव्हा सिमरॉक सत्तरीला टेकला होता. बेथोवनने ब्रेंटानोकडून उचल घेतली. हस्तलिखित आलं नाही.

१८२१ गेलं. १८२२ मध्ये लाइप्त्सिगच्या पेटर्स या प्रकाशकाशी तीच बोलणी, १००० गुल्डनला. श्लेसिंगरशीही. आर्टारियाशीही. सिमरॉकला पत्रं येत राहिली: प्रकृती बरी नाही, थोडं थांबा. १८२३ मध्ये उत्तर असं की मास तुम्हाला नक्की मिळेल, फक्त कोणता ते अजून ठरवलं नाही. जणू कपाटात चार-पाच रचून ठेवलेत! या मासनंतर आणखी मास कधी लिहून झालाच नाही. त्याच वर्षी युरोपच्या राजदरबारांना या रचनेच्या हाताने उतरवलेल्या प्रती ५० डुकाटला एक या भावाने विकायची मोहीम सुरू होती. शेवटी हक्क शॉट यांनी घेतले आणि १८२७ मध्ये, बेथोवन गेल्यावर, ती छापून बाहेर आली. शॉट कुठले? माइन्त्सचे. म्हणजे ज्याच्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली, ते सिमरॉकच्या जन्मगावच्या माणसाने छापलं.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. कान गेलेले, पुतण्याची कोर्टकचेरी, पैशांची चणचण, आणि प्रतिभावंताला व्यवहाराचे नियम लावू नयेत. कान गेले होते, मान्य. पण एकच रचना इतक्या जणांना देऊ करताना हिशेब कुठेही चुकलेला दिसत नाही, तेव्हा व्यवहार कळत नव्हता असं मात्र म्हणू नका. आमच्याकडेही एक लेखक असा होऊन गेला. प्रकाशकाकडून उचल, माझ्याकडून तीन प्रूफं, आणि पुस्तक निघालं दुसरीकडून. त्याच्या सत्कारात मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. पुस्तक चांगलं होतं, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

पण काही वर्षांपूर्वी सिमरॉकला साधुपुरुष ठरवून जी बाई (म्हणजे मीच) बोलायची, तिच्याशीही माझं पटत नाही. १७९४ मध्ये याच सिमरॉकने बेथोवनची चार हातांसाठीची, म्हणजे एका पियानोवर दोघांनी वाजवायची व्हेरिएशन्स न विचारता कोरायला घेतली होती. तेवीस वर्षांच्या बेथोवनने व्हिएन्नाहून सुनावलं: आधी विचारायचं तरी, मी तीच आर्टारियाला विकली असती तर? बेथोवनचा क्रॉइत्सर सोनाटा सिमरॉकच्या हातात पडून प्रसिद्ध व्हायला १८०५ उजाडलं. मधे बेथोवनचं पत्र, की माझा सोनाटा काय कसरीला खायला घातलात? दुसऱ्यांची छापलेली संगीतं पुन्हा छापणं तेव्हा जर्मन राज्यांमध्ये सर्रास चालायचं, आणि सिमरॉकही त्यात मागे नव्हता.

आणि इरोइका. ऑक्टोबर १८०३ मध्ये रीसने सिमरॉकला कळवलं होतं की बेथोवन ती सिम्फनी १०० गुल्डनला द्यायला तयार आहे, त्याच्या मते आजवरचं त्याचं सर्वांत मोठं काम आहे. सौदा जमला नाही, ती व्हिएन्नात छापली गेली. त्याच सिम्फनीची पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) सिमरॉकने १८२२ मध्ये काढली, म्हणजे मासची वाट पाहण्याच्या ऐन वर्षांत. मी हे जुन्या ओढीचं लक्षण मानते. आमच्या बैठकीतले हिशेबतपासनीस म्हणतात, खपणारा माल होता, छापला. दोन्ही खरं असेल. मला ओढ वाटते म्हणून ती होतीच असं नाही, आणि त्यांना धंदा दिसतो म्हणून ओढ नव्हतीच असंही नाही.

राहिला सिमरॉकविरुद्धचा तुमचा हुकमी पत्ता, चेक संगीतकार द्वोर्झाक. नातू फ्रिट्झ सिमरॉकने स्लाव्हिक नृत्यांचे त्याला ३०० मार्क दिले आणि स्वतः मालामाल झाला, 'अँटोनिन'चं जर्मन 'अँटोन' करून छापत राहिला, आणि आठव्या सिम्फनीला १००० मार्क म्हणाला तेव्हा द्वोर्झाकने ती लंडनच्या नोव्हेलोला दिली. बरोबर केलं. त्या भांडणात मी द्वोर्झाकच्या बाजूने आहे. पण म्हणून आजोबांचा हिशेब नातवाच्या वहीतून करायचा, हे मला मान्य नाही.