पिट्सबर्गचे चार पुतळे आणि भाच्याशी झालेला वाद

पिट्सबर्गला भाच्याकडे गेलो होतो. व्यंकटेश्वराचं देऊळ, टेकडीवर चढणारी जुनी ट्राम, म्युझियम, सगळं बघून झालं आणि छानच होतं. पण वाजलं ते पीएनसी पार्क या बेसबॉलच्या स्टेडियमबाहेर.

पायरेट्स हा इथला बेसबॉल संघ. सामन्याच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो आणि पिवळ्या पुलावरून सगळी गर्दी पायी स्टेडियमकडे निघते. बाहेर चार जुन्या खेळाडूंचे पुतळे आहेत. भाच्याने चालता चालताच क्रमवारी लावून टाकली: होनस वॅग्नर, क्लेमेंटे, विली स्टारजेल आणि तळाला बिल मॅझरॉस्की. वॅग्नर आठ वेळा लीगचा अव्वल फलंदाज, 1936 साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, निवडलेल्या पहिल्या पाच जणांतला. "मामा, आकडे खोटं बोलत नाहीत." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे, वॅग्नरच्या काळात कृष्णवर्णीयांना मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या स्पर्धेत, प्रवेशच नव्हता. जे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, त्याच्यासमोर कधी येऊच दिले नाहीत, ते कोणत्या रकान्यात मांडणार?

क्लेमेंटेच्या पुतळ्यापाशी मी अडलो तो अडलोच. हा पोर्तो रिकोचा. चार वेळा अव्वल फलंदाज, बारा गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस), बरोब्बर 3000 हिट्स, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठणं. तीन हजारावा 30 सप्टेंबर 1972 ला, आणि तोच नियमित हंगामातला शेवटचा. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कानावर आलं, म्हणून 31 डिसेंबरला सामान घेऊन हा स्वतः विमानात बसला. विमान समुद्रात कोसळलं. त्याचा देह मिळाला नाही. एक आजी नातवाला पुतळ्याच्या बुटाला हात लावायला उचलून धरत होत्या. पोराच्या टी-शर्टवर 21, क्लेमेंटेचा नंबर. आत उजव्या बाजूची भिंतही त्याच्यासाठी 21 फूट ठेवली आहे. मी त्याला पहिला नंबर दिला आणि विषय संपवला.

मॅझरॉस्कीवरून पुन्हा जुंपली. 1960 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना, समोर न्यूयॉर्कचे यांकीज, 9-9 बरोबरी, शेवटचा डाव, आणि याचा होमरन, आपल्या षटकारासारखा. सातव्या सामन्याचा असा शेवट तेव्हापासून दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. "एका फटक्याचा पुतळा," म्हणे भाचा. आठ गोल्ड ग्लव्ह कुठे गेले?

आत गेल्यावर बटाट्याचे काप कोंबलेलं सँडविच खाल्लं. ती या गावची खासियत आहे म्हणतात, असेल बापडी. तिथे भाच्याने नवा वाद काढला. बॅरी बाँड्स इथे खेळताना 1990 आणि 1992 ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मग त्याचा पुतळा का नाही? आम्ही मराठीतच भांडत होतो, पण 'बाँड्स' तेवढं पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कळलं. तो गर्रकन वळला आणि 1992 च्या अटलांटाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात बाँड्सचा थ्रो कसा कमी पडला, ते हात फेकून दाखवलं. त्यानंतर बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पायरेट्स सलग वीस हंगाम हरण्यातच राहिले. भाचा आकडे सांगायला लागला, तर म्हातारा म्हणाला, "स्टारजेलला विचार."

स्टारजेल 2001 सालीच वारला, हे दोघांनाही माहीत होतं.