आमच्याकडचा टेम्प

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी आमच्या दारात सव्वासहा फुटी मुलगा येऊन उभा राहिला. पाठीवर अजस्र बॅग आणि तिच्यातून डोकावणारी चार लाकडी दांडकी. दार उघडायला सासूबाई गेल्या होत्या. त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि मागे वळून मला हाक मारली, "अगं, आला बघ तुझा दत्तक मुलगा. पण हा आपल्या पलंगावर मावणार कसा?"

मावला नाही. पुढचे दहा दिवस त्याचे पाय पलंगाच्या बाहेर होते.

आम्ही केप कॉडवर राहतो. मॅसॅच्युसेट्सचा नकाशा पाहिलात तर समुद्रात कोपरातून वाकवलेला हात दिसतो, तोच हा केप. बारा महिने राहणारी वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास, पण उन्हाळा लागला की सगळं न्यू इंग्लंड इकडे लोटतं. केपला मुख्य भूमीपासून तोडणाऱ्या कालव्यावर गाड्यांसाठी दोनच पूल, दोन्ही 1935 सालचे. शनिवारी त्यांच्यावर अडकलात की घरचं जेवण विसरा. भारतीय किराणा पुलापलीकडे असल्यामुळे जून ते ऑगस्ट आम्ही तूरडाळ जपूनच वापरतो.

याच तीन महिन्यांत इथे केप कॉड बेसबॉल लीग चालते. दहा गावांचे दहा संघ, आणि खेळाडू देशभरातल्या कॉलेजांमधून आलेले. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक संघाचे चाळीसेक सामने, मग बाद फेरी. म्हणजे जवळजवळ रोज मॅच. मुलांना पगार नाही, कारण इथे खेळण्याचा पगार घेतला तर कॉलेजकडून खेळता येत नाही. हॉटेलात ठेवायचं तर संघ कर्जबाजारी होतील. म्हणून गावातली घरं एकेक, दोन-दोन मुलं वाटून घेतात. याला 'होस्ट फॅमिली' म्हणतात. समोरच्या आजीबाई, वय सत्तरीच्या पुढे, वर्षानुवर्षं मुलं ठेवताहेत. यंदा त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. "तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे ना?" असं त्यांनी मार्चमध्ये विचारलं आणि माझा नवरा 'हो' म्हणून मोकळा झाला. मी तेव्हा फार्मसीत ड्यूटीवर होते. अशी निर्णयप्रक्रिया आमच्या घरात नेहमीचीच.

आमच्या गावाचं आणि संघाचं नाव मुद्दामच देत नाही, मुलगा ओळखू यायला नको. त्याचं खरं नाव सासूबाईंच्या जिभेवर काही केल्या बसेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याचं बारसं करून टाकलं. बाळू. तो त्यांना 'आजी' म्हणायचा. ते त्यांचं पाळण्यातलं नाव आहे अशी त्याची शेवटपर्यंत समजूत होती.

बाळू मिडवेस्टमधल्या एका लहानशा कॉलेजचा, सेकंड बेसवर खेळणारा. आणि तो 'टेम्प' होता. हा शब्द मला त्याने पहिल्याच रात्री सांगितला, भुर्जीची तिसरी वाटी संपवताना. झालंय असं की मोठ्या कॉलेजांचे संघ जूनच्या उत्तरार्धापर्यंत ओमाहाला राष्ट्रीय स्पर्धेत अडकलेले असतात. केपच्या संघांनी ज्यांना महिनोन्‌महिने आधी कबूल करून ठेवलेलं असतं ती मुलं त्यात असतात. ती येईपर्यंत मैदानावर नऊ जण तर उभे करायला हवेत. म्हणून बाळूसारख्यांना तात्पुरत्या करारावर बोलावतात. फार चमकलात तर कोच ठेवूनही घेतो, नाहीतर मोठी मुलं आली की टाटा.

"म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. दोन आठवडे. किंवा उद्यापर्यंत."

हे सासूबाईंना मराठीत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच की." त्यांच्या पासपोर्टवर विमानतळावरच्या माणसाने सहा महिन्यांचा शिक्का मारलाय. आम्हा दोघांच्या ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली ते मी आता बघायचंही सोडून दिलंय. एकूण घरात कायमचा असा कुणीच नव्हता.

आता दांडक्यांविषयी. अमेरिकन कॉलेजात बॅट धातूची असते, 1974 पासून. ती तुटत नाही, आणि चेंडू जरा इकडेतिकडे लागला तरी लांब जातो. पण मेजर लीगमध्ये, म्हणजे जिथे कोटींचे करार होतात तिथे, फक्त लाकडी बॅट. केपच्या लीगने 1985 पासून लाकूड परत आणलं, आणि इथली प्रतिष्ठा आहे ती निम्मी तरी त्यामुळेच. कॉलेजात खोऱ्याने हिट्स काढणारा मुलगा लाकूड हातात आल्यावर काय करतो, हे बघायला स्काउट, म्हणजे मेजर लीगच्या संघांसाठी खेळाडू हेरणारे लोक, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, मागे स्पीडगन घेऊन बसलेले असतात. लाकडी बॅटचा 'गोड' भाग चार बोटांएवढा. त्याच्या बाहेर चेंडू लागला की हाताला मुंग्या येतात आणि बॅटीला चीर पडते.

माझा नवरा दादरचा, कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये काही मोसम खेळलेला. त्याला हे लगेच उमगलं. मुंबईत 1948 पासून ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर आणि गुडघाभर गवतात कांगा लीग खेळतात, ती उगाच नव्हे. कोरड्या विकेटवर शतकं ठोकणारे तिथे पंधरा धावांना महाग होतात. "ह्यांची कांगा आहे ही," तो म्हणाला, आणि मग तासभर मला 'आमच्या वेळी क्रॉस मैदानावर' ऐकावं लागलं.

बाळूची पहिली मॅच आम्ही सगळे बघायला गेलो. तिकीट नाही. घडीच्या खुर्च्या उचलायच्या, मैदानाच्या कडेला टाकायच्या, की झालं. पाचव्या डावाच्या सुमारास शाळकरी पोरं टोपी फिरवतात, त्यात जमेल तेवढे डॉलर टाकायचे. शिवाय सोडत असते, जमलेली निम्मी रक्कम जिंकणाऱ्याला, निम्मी संघाला. स्टँडच्या मागे गेलेला चेंडू मुलांनी परत आणून दिला की आमच्या मैदानावर त्यांना एक च्युइंगम मिळतं. चेंडू महाग पडतो, च्युइंगम स्वस्त. हा हिशेब सासूबाईंना एवढा पटला की पुढच्या मॅचला त्या चिक्की घेऊन गेल्या.

खेळ त्यांना कळला का? निम्मा. "फेकणारा कोपर वाकवून फेकतो आणि कुणी काही म्हणत नाही" यावर त्यांचा दोन दिवस आक्षेप होता. पण बाळू बॅटिंगला आला की त्यांचं जपमाळेवरचं बोट थांबायचं.

बाळूचं काही जमत नव्हतं. तिसऱ्या मॅचला मी नेमकी जाळीजवळ बसले होते, म्हणून तो क्षण जवळून दिसला. पिचरने, म्हणजे फेकणाऱ्याने, आतल्या अंगाला चेंडू टाकला, फलकावर 94 आला. मैलांत. म्हणजे ताशी 151 किलोमीटर, आणि अंतर साडेअठरा मीटरही नाही. बाळूने बॅट फिरवली, हात अंगाशी अडकले, आणि सुक्या फांदीसारखा काड्‌ आवाज आला. चेंडू टपटपत पिचरकडेच गेला. पहिल्या बेसकडे निम्म्या वाटेपर्यंत पळून बाळू बाद झाला. परत येताना त्याने बॅट उचलली, मुठीच्या वर पडलेल्या चिरेवरून अंगठा फिरवला आणि डगआउटमध्ये नेऊन कोपऱ्यात उभी केली. रागाने आपटली असती तर मला बरं वाटलं असतं.

सात सामन्यांत 22 वेळा बॅटिंग, 3 हिट्स. म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठला तो तीनदाच. बेसबॉलमध्ये दहांतून तीनदा जमलं तरी माणूस उत्तम समजतात. बाळूचं दहांतून दीडदासुद्धा होत नव्हतं.

घरी मात्र त्याने याचा कसला बाऊ केला नाही. रात्री साडेदहाला घरी यायचा, खांद्याला बर्फ लावायचा आणि सासूबाई देतील ते खायचा. थालिपीठ त्याला आवडलं, पीनट बटर लावून. (मी बघायचं टाळलं.) सकाळी गावातल्या लहान मुलांना बेसबॉल शिकवायला मैदानावर जायचा, सगळेच खेळाडू जातात. तिथे मात्र तो कुणी वेगळाच असायचा. आठ वर्षांच्या पोरांच्या घोळक्यात गुडघ्यावर बसून ग्लोव्ह कसा उघडायचा ते दाखवताना मी त्याला पाहिलंय. त्या पोरांना त्याची सरासरी माहीत नव्हती.

आणि त्याची ती पांढरी पँट! मैदानाच्या आतल्या भागात तांबडी-विटकरी माती असते. बेसवर घसरून यायचं म्हणजे अख्खी मांडी रंगून यायची. आमच्या वॉशिंग मशीनने पहिल्याच दिवशी हात टेकले. सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. मागच्या अंगणात बादली, साबणाची वडी, ब्रश, आणि तासभर घासणं. "धोपाटणं असतं ना, तर पाच मिनिटांत डाग काढला असता," हे रोजचं पालुपद. बाळू ओशाळून "आजी, नो, नो" म्हणत मागे उभा, आणि त्या त्याला हातानेच 'हो बाजूला' करायच्या.

एकदा बाळूचा संघ चॅटमला खेळायला गेला, तेव्हा आम्हीही गेलो. केपच्या कोपराचं हे टोक, समुद्र अगदी जवळ. मध्येच धुकं आलं. आधी आउटफिल्डमधला मुलगा पुसट झाला, मग दिसेनासाच झाला, आणि चेंडू वर मारला की तो कुठून खाली येईल हे पिचरसकट कुणालाच कळेना. शेवटी पंचांनी खेळ थांबवला. चॅटमकर शांतपणे खुर्च्या मिटायला लागले. त्यांना सवय आहे. "पावसाळ्यातलं माथेरान," सासूबाई म्हणाल्या, आणि शाल गुंडाळून तिथेच बसून राहिल्या.

त्याच चॅटमच्या संघातून 1967 मध्ये थर्मन मन्सन खेळला, .420 च्या सरासरीने. म्हणजे दहांत चारदा, तेही इथे. पुढे तो न्यूयॉर्क यँकीजचा कप्तान झाला आणि 1979 मध्ये स्वतःचं विमान चालवताना अपघातात गेला. लीगमधल्या सर्वोत्तम सरासरीचं बक्षीस त्याच्या नावाने देतात. यँकीजचा आत्ताचा राक्षस एरन जज 2012 मध्ये ब्रूस्टरकडून खेळला. अशी नावं केपवर कुणीही घडाघडा सांगतं. मेजर लीगमध्ये एका मोसमात दिसणाऱ्या खेळाडूंपैकी 300 हून अधिक जण इथून गेलेले असतात. टेम्प म्हणून येऊन गेलेल्यांची यादी मला कुठे दिसली नाही.

कोटुइटच्या संघाचं नाव 'केटलियर्स', त्याची गोष्ट सासूबाईंना फार लागली. इथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांकडून गोऱ्यांनी सतराव्या शतकात ही जमीन घेतली ती एक मोठं पितळी पातेलं आणि एक कुदळ देऊन, असं सांगतात. तेच पातेलं संघाच्या नावात. तिथल्या मैदानाला दिवे नाहीत, भोवती नुसती झाडं, उजेड आहे तोवर खेळायचं. "एका पातेल्यात एवढी जमीन," त्या परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाल्या. "कल्हई तरी होती का त्याला?"

दहाव्या रात्री बाळू लवकर आला. मी भांडी लावत होते. तो उभ्या उभ्याच म्हणाला, ओमाहाची मुलं उद्या येताहेत. कोचने नीट समजावलं, चांगलं बोलला, असंही त्याने स्वतःच सांगितलं. मग सासूबाईंकडे वळून म्हणाला, "आजी, आय ॲम गोइंग होम." त्यांना 'होम' तेवढं कळलं. "का रे? बरं नाही का?" त्यांनी मराठीत विचारलं, आणि त्याने मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे.

सकाळी त्यांनी त्याला दही-साखर दिली. दोन थालिपिठं फॉइलमध्ये, पीनट बटरची बाटली वेगळी. त्याने बॅगेतून ती चिरलेली बॅट काढली, मुठीवर पांढरी पट्टी गुंडाळली होती, आणि त्यांच्या हातात दिली. आठवण म्हणून. खेळायला ती आता कामाची नव्हतीच. त्याच्यापुढे सतरा-अठरा तासांचं ड्रायव्हिंग होतं, म्हणून फार रेंगाळला नाही.

मी चादर बदलली. संध्याकाळी सहाला नवा मुलगा आला, एका नामवंत कॉलेजचा पिचर. सभ्य, बेताच्या उंचीचा, पलंगावर बरोब्बर मावणारा. वायफायचा पासवर्ड विचारला, अंडी चालतात म्हणाला.

"हा किती दिवस?" सासूबाईंनी मला विचारलं.

"ऑगस्टपर्यंत. पूर्ण करार आहे."

"बघू," त्या म्हणाल्या.

परवा सकाळी मागच्या अंगणातून ठक, ठक असा आवाज येत होता. नवा मुलगा दात घासत खिडकीशी आला आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून बघत राहिला. खाली फरशीवर त्याची पांढरी पँट पसरलेली होती, आणि सासूबाई पदर खोचून तिच्यावर मेपलची बॅट चालवत होत्या.